सीलबंद बॅटरी: दुकानातून आणण्यापासून भंगारात देण्यापर्यंत

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबईसकट ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. त्या दिवशी माझा फोन दुपारपर्यंत खाली ठेवता आला नाही. एक फोन कोपरखैरण्यातल्या एका दवाखान्यातून होता. वीज गेल्यावर त्यांचा यूपीएस मिनिटभरही टिकला नव्हता. डॉक्टर म्हणत होते, "अहो, बॅटऱ्या नव्याच आहेत. मार्चपासून हातही लावला नाही त्यांना."

हात लावला नाही, हेच कारण होतं. टाळेबंदीत दवाखाना बंद झाला तेव्हा कुणीतरी काळजीपोटी मेन स्विच खाली पाडला होता. यूपीएसच्या आतलं सर्किट हळूहळू बॅटरी पीत राहिलं, बॅटऱ्या स्वतःही आतल्या आत उतरत गेल्या आणि रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्या. आठवड्यापूर्वी दवाखाना उघडला, चार्जिंग परत सुरू झालं. मी मीटर लावला तर प्रत्येक बॅटरीवर १३ व्होल्ट छान दिसत होते, पण लोड टाकला की आकडा धडाधड खाली. सोळाच्या सोळा बॅटऱ्या बदलाव्या लागल्या.

या धंद्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपपासून सुरुवात करून मला वीस वर्षांवर झाली. लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलोय: बॅटरीला बंद करायचं बटण नसतं. खोक्यात असो, टेम्पोत असो, माळ्यावर असो किंवा भंगारवाल्याच्या गोणीत असो, ती चालूच असते. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

"ड्राय बॅटरी" कोरडी नसते

दुकानात या सीलबंद बॅटरीला एसएमएफ (सीलबंद, देखभाल न लागणारी) म्हणतात, कुणी व्हीआरएलए (झडप असलेली शिसे-आम्ल बॅटरी) म्हणतं, बहुतेक गिऱ्हाइकं "ड्राय बॅटरी" म्हणतात. हा शेवटचा शब्द मला खटकतो, कारण तो ऐकला की माणूस निर्धास्त होतो. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची जी बॅटरी बनवली, तिचंच रसायन आजही या डब्यात आहे. फरक इतकाच की आम्ल मोकळं डुचमळत नाही. ते काचतंतूंच्या स्पंजसारख्या चटईत शोषलेलं असतं, किंवा जेलमध्ये घट्ट झालेलं असतं. चार्जिंगच्या वेळी तयार होणारा ऑक्सिजन आतच परत पाण्यात बदलतो, म्हणून वरून पाणी घालावं लागत नाही.

आणि "सीलबंद" हेही अर्धं खरं. झाकणाखाली प्रत्येक सेलला एक छोटी रबरी टोपी असते, ती झडपेचं काम करते. आत दाब वाढला की ती उघडते आणि वायू बाहेर सोडते. नेहमीच्या वापरात हा वायू नगण्य असतो. पण चार्जर बिघडला, व्होल्टेज जास्त गेलं, तर हायड्रोजन बाहेर येतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन जमला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून ही बॅटरी हवाबंद कपाटात, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून कधीही चार्ज करायची नाही. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर लपवण्यासाठी सुताराकडून पूर्ण बंद पेटी करून घेतलेली मी कित्येकदा पाहिली आहे. त्या पेटीला वर आणि खाली, दोन्हीकडे जाळी लावून घ्या. वरचीसुद्धा हवीच, कारण हायड्रोजन हलका असतो, तो वर जातो.

सुरुवात वहीपासून

घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, आपल्याकडे किती बॅटऱ्या आहेत? उत्तर येतं, "जनरेटरची एक." मग आम्ही फिरायला लागतो. लिफ्टच्या मशीन रूममध्ये, वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या एआरडीच्या बॅटऱ्या. फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये दोन. सीसीटीव्हीच्या यूपीएसमध्ये, इंटरकॉममध्ये, गेटवरच्या बूम बॅरिअरमध्ये, ऑफिसातल्या कॉम्प्युटरखाली. जिन्यातल्या इमर्जन्सी दिव्यांत. शेवटी पंचवीस-तीसचा आकडा सहज होतो.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक बॅटरीला एक ओळ: जागा, व्होल्ट आणि एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते), बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना, बसवल्याची तारीख, शेवटचं मोजलेलं व्होल्टेज. हेच बॅटरीवर मार्करने लिहून चिकटपट्टी लावली तर आणखी बरं. फायर अलार्मची बॅटरी मेलेली आहे हे आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

दुकानात काय बघायचं

बिल करण्याआधी खोकं उघडायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

पहिलं म्हणजे उत्पादनाची तारीख. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मधे चार्ज केली होती का, विचारा. आपल्याकडे गोदामं गरम असतात. २५ अंशांना ही बॅटरी महिन्याला साधारण ३ टक्के चार्ज आपोआप गमावते आणि दर १० अंशांनी हा वेग जवळपास दुप्पट होतो. ३५ अंशांच्या गोदामात सहा महिने म्हणजे एक तृतीयांश चार्ज गेला, असं धरून चाला.

दुसरं, मल्टिमीटर. नवी १२ व्होल्टची बॅटरी काहीही न जोडता १२.७ ते १३ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. १०.५ च्या आसपास दिसलं तर सहापैकी एक सेल गेलेला असतो, कारण चांगला सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि पाच सेलचे मिळून साडेदहा होतात. ती बॅटरी कुणी कितीही "चार्ज करून देतो" म्हणालं तरी घ्यायची नाही.

तिसरं, डोळ्यांनी बघा. कडा फुगलेल्या नाहीत ना, झाकणाच्या सांध्यावर ओल किंवा पांढरी पावडर नाही ना, टर्मिनलवर आधी पाना फिरवल्याच्या खुणा नाहीत ना. टर्मिनलच्या प्लास्टिकच्या टोप्या खोक्यात असतात, त्या फेकू नका. त्यांचं काम पुढे येतंच.

हाताळणी: अंगठी, कडं, घड्याळ आधी काढा

२००९ च्या सुमारास माझ्या डोळ्यांदेखत एका सहकाऱ्याचा पाना ४२ एएचच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये आडवा पडला. एक पांढरा लखलखाट, आणि पान्याचं टोक टर्मिनलला वितळून चिकटलं. त्याने हात झटकन मागे घेतला म्हणून बोटं वाचली. त्याच्या हातात त्या दिवशी लग्नातली अंगठी होती. तिथून पुढे आमच्या टूलबॅगेत एक छोटी कापडी पिशवी असते. साइटवर पोहोचलं की अंगठ्या, कडी, घड्याळं, गळ्यातली साखळी त्या पिशवीत.

१२ व्होल्टला शॉक लागत नाही, हे खरं. पण सात एएचची छोटी, हातात मावणारी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर क्षणभर शेकडो अँपिअर देऊ शकते. धातूची अंगठी त्यात लालबुंद व्हायला एखादा सेकंद पुरतो.

म्हणून पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, फक्त तोंड मोकळं ठेवा. बॅटरीच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हर, नट, फोन, चाव्या ठेवू नका. काम करताना चष्म्यासारखा गॉगल आणि रबरी हातमोजे घाला. उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आता वजन. सात एएचची बॅटरी सव्वादोन किलोच्या आसपास असते, २६ एएचची आठ-नऊ किलो, ६५ एएचची वीस, १०० एएचची तीसच्या आसपास. आकाराने लहान दिसते म्हणून माणूस एका हाताने ओढायला जातो आणि कंबर धरून बसतो. पंधरा किलोच्या वर दोघांनी उचला. गुडघ्यात वाकून, बॅटरी पोटाजवळ धरून. टर्मिनलला धरून किंवा तारेला ओढून कधीही उचलू नका. टर्मिनल शिशाचं असतं, मऊ. ते हललं की आतला सांधा तुटतो आणि तिथूनच आम्ल पाझरायला लागतं. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवायची असेल तर प्रत्येक मजल्यावर टेका. घाईत सुटलेली बॅटरी जिन्यावरून खाली आली तर खालच्या माणसाचा पाय जातो.

बॅटरी हातातून पडलीच, तर वरून धड दिसते म्हणून वापरात घेऊ नका. आतल्या पट्ट्या सरकलेल्या असू शकतात. एक दिवस बाजूला, हवेशीर जागी, प्लास्टिकच्या टबात ठेवा. मग व्होल्टेज, ओल, फुगवटा बघा. शंका राहिली तर बाद करा.

बँकेवर, म्हणजे ओळीत जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचावर, काम करत असाल तर

एक बॅटरी आणि सोळा बॅटऱ्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच-दहा केव्हीए क्षमतेच्या ऑनलाइन यूपीएसला सोळा किंवा वीस बॅटऱ्या ओळीत जोडलेल्या असतात, म्हणजे १९२ किंवा २४० व्होल्ट डीसी. हा जीवघेणा दाब आहे. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती ताणली जाते. हे काम शिकलेल्या माणसानेच करावं. पण तुमच्या ऑफिसात कुणी येऊन ते करत असेल तर तो कसं करतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून क्रम देतो.

१. यूपीएसवरचा लोड बंद करा, मग यूपीएस बंद करा, मग त्याचा मेन्सचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेचा, पुरवठा तोडा. नुसतं समोरचं बटण दाबून भागत नाही. बिनट्रान्सफॉर्मरच्या यूपीएसमध्ये बॅटरीची तार मेन्सपासून अलग केलेली नसते, त्यामुळे बॅटरीच्या टोकावर जमिनीच्या तुलनेत मेन्सचा दाब असू शकतो.

२. बॅटरीचा डीसी एमसीबी (बॅटरीची वीज तोडणारा स्विच) खाली पाडा. आतल्या कपॅसिटरमधला चार्ज उतरायला दहा मिनिटं थांबा, मग मीटरने खात्री करा.

३. टोकाची तार सोडू नका. आधी मधल्या जोडपट्ट्या काढा, दर चार बॅटऱ्यांनंतर एक. १९२ व्होल्टची बँक ४८-४८ च्या चार तुकड्यांत मोडली की धोका एकदम उतरतो. मोकळी झालेली प्रत्येक टोकं लगेच टेपने किंवा टोपीने झाका.

४. जोडताना उलटा क्रम. आधी चार-चारचे गट बांधा, प्रत्येक गटाचं व्होल्टेज मोजा, मग गट एकमेकांना जोडा. सगळ्यात शेवटी एमसीबी.

५. नट कंपनीच्या पत्रकात दिलाय तितकाच आवळा. सैल राहिला तर तिथे तापतं, फार आवळला तर टर्मिनल फिरतं. महिन्याभराने परत एकदा तपासा.

सोळांपैकी एक गेली की फक्त ती एक बदलून द्या, असा आग्रह गिऱ्हाईक करतं. मला त्यांची अडचण समजते, पण मी ते करत नाही. ओळीतल्या सगळ्यांमधून करंट एकच जातो. जुन्यांच्या संगतीत नवी एकतर जास्त चार्ज होते किंवा उपाशी राहते, आणि वर्षभरात तीही जाते. बँक सहा महिन्यांच्या आतली असेल तर एक बदलणं चालतं. त्यापुढे पूर्ण संच, एकाच कंपनीचा, एकाच महिन्याचा.

आणखी एक. ६५ एएचच्या सोळा बॅटऱ्या म्हणजे सव्वातीनशे किलो आणि वर लोखंडी रॅक. हा रॅक बंद केलेल्या बाल्कनीत ठेवलेला मी वाशीत आणि नेरुळमध्ये दोन्हीकडे पाहिला आहे. बाल्कनीचा स्लॅब यासाठी नसतो. आतल्या खोलीत, भिंतीलगत, तुळईजवळ जागा द्या आणि जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

साठवण: आपला उन्हाळा, आपला पाऊस

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. पत्रकावर लिहिलेलं पाच वर्षांचं आयुष्य २५ अंशांचं असतं. ढोबळ हिशेब असा की त्याच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. गच्चीवरच्या लिफ्ट मशीन रूममध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. तिथली बॅटरी दोन वर्षांत गेली तर कंपनीला दोष देण्याआधी खोलीला एक्झॉस्ट फॅन लावा. शक्य असेल तर बॅटऱ्या एक मजला खाली, जिन्याच्या सावलीतल्या जाळीदार कपाटात आणा. चार्जरमध्ये तापमानानुसार व्होल्टेज कमी करायची सोय असेल तर ती चालू करून घ्या. दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण १८ मिलीव्होल्ट. ऐकायला क्षुल्लक, पण ४० अंशांना पाव व्होल्टहून जास्त फरक होतो आणि फुगणारी बॅटरी त्याने वाचते.

सुटी बॅटरी ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवा. रिकामी ठेवलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे बसतात, ते पुढे चार्जिंगने निघत नाहीत. कोपरखैरण्याच्या दवाखान्यात हेच झालं होतं. यूपीएस किंवा इन्व्हर्टर दोन आठवड्यांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर एकतर मेन्स चालू ठेवा, नाहीतर बॅटरीची तार उपकरणापासून सोडवा. दोन्हीपैकी एक. गणपतीला कोकणात दहा दिवस जाताना काही करायची गरज नाही, पण परदेशी मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे नक्की करून जावं.

ठाण्यात, नवी मुंबईत सुट्या बॅटरीला दर तीन महिन्यांनी टॉपअप चार्ज द्या. लक्षात राहायला सोपं म्हणून मी सण सांगतो: संक्रांत, अक्षय तृतीया, नागपंचमी, दिवाळी. चार्जर निवडताना बॅटरीच्या अंगावरचं लेबल वाचा. तिथे दोन आकडे असतात. सतत जोडून ठेवायचं असेल तर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट, चार्ज करून काढायची असेल तर १४.४ ते १५ च्या दरम्यान. त्याखाली जास्तीत जास्त करंटही लिहिलेला असतो. मी त्याच्याही खाली राहतो. सात एएचला ०.७ अँपिअर, म्हणजे एएचचा दहावा भाग. गॅरेजमधला गाडीच्या बॅटरीचा मोठा चार्जर हिला कधीही लावू नका. त्यातून येणारा करंट ही छोटी बॅटरी पेलत नाही. चार्ज झाल्यावर लगेच मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं. रात्रभर विश्रांती देऊन सकाळी मोजा आणि तो आकडा वहीत लिहा.

फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, असं जुनी माणसं सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. पण मी तरीही जमिनीवर ठेवू देत नाही, आणि कारण पाऊस आहे. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या किती यूपीएस रूम पाण्याखाली गेल्या, हे त्या वेळी या धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा. बेसमेंट आणि तळमजल्यावर बॅटरी निदान तुमच्या आठवणीतल्या सगळ्यात मोठ्या पुराच्या रेषेच्या वर, पक्क्या रॅकवर हवी. इतर ठिकाणी लाकडी पाट किंवा पॅलेट पुरे.

एकावर एक थर लावायचे तर खोक्यातच, आणि खोक्यावर छापलेत तितकेच. उघड्या बॅटऱ्या एकमेकींवर ठेवल्या की वरचीचं बूड खालचीच्या टर्मिनलवर बसतं. खोक्यांवर महिना ठळक लिहा, जुनी आधी बाहेर काढा. शेजारी रॉकेल, थिनर, रंगाचे डबे नकोत. पंप रूममध्ये हे सगळं एकत्र सापडतं, ते आजच वेगळं करा.

ने-आण

वाहतुकीत बॅटरी आम्ल सांडून त्रास देते, असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा त्रास शॉर्टने होतो. कापडी पिशवीत चार जुन्या बॅटऱ्या, त्यातच उरलेले नट-बोल्ट आणि तारेचा तुकडा, वर घामट जेवणाचा डबा. रिक्षाच्या धक्क्याने तार दोन टर्मिनलांवर येते आणि पिशवीतून धूर निघतो.

म्हणून निघण्याआधी दोन्ही टर्मिनलवर मूळ टोप्या घाला. नसतील तर प्रत्येक टर्मिनल वेगळं, इन्सुलेशन टेपच्या दोन-तीन वेढ्यांनी झाका. तारा जोडलेल्याच असतील तर त्यांची टोकंही वेगवेगळी गुंडाळा. मग बॅटरी उभी, टर्मिनल वर, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात. सुटे नट वेगळ्या थैलीत. ही बॅटरी आडवी वापरता येते असं पत्रकात असतं, ते खरंही आहे, पण प्रवासात उभीच ठेवा. उलटी तर कधीच नको, कारण मग झडपेतून ओल येऊ शकते.

एखाद-दुसरी छोटी बॅटरी स्कूटरच्या फूटबोर्डवर नेता येते, पण बंजी दोरीने बांधून, पायात नुसती धरून नाही. दुपारी गाडीच्या बंद डिकीत विसरू नका. लोकलच्या गर्दीत मी नेत नाही. कुणाच्या पायावर पडली, पिशवी तापली, तर त्या डब्यात हलायला जागा नसते.

जास्त माल असेल तर छोटा हत्ती बोलवा. फळीवर रबरी मॅट, त्यावर खोकी एकमेकांना चिकटवून, दोन थरांमध्ये प्लायवूड. सगळ्यात शेवटी पट्ट्याने कॅरिअरला आवळा, सुतळीने नाही. पावसाळ्यात घोडबंदर रोडचे आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सर्व्हिस लेनचे खड्डे लक्षात ठेवूनच बांधा. ताडपत्री वरून हवी, पण मागून हवेला वाट ठेवा. ड्रायव्हरला एक पाच लिटर पाण्याचा कॅन, खाण्याच्या सोड्याचं एक किलोचं पाकीट, हातमोजे आणि गॉगल द्या. त्याला सांगा की मागे बसून विडी ओढायची नाही. तो तुमचं काम करतोय, त्याला मागे काय भरलंय हे कळण्याचा हक्क आहे.

तुमचा माल न्हावा-शेव्यातून जहाजाने किंवा विमानाने जाणार असेल तर भाषा बदलते. न सांडणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन २८०० आणि वर्ग ८, म्हणजे क्षरणकारी पदार्थ. बॅटरीने कंपनाची आणि दाबातील फरकाची चाचणी पार केली असेल, ५५ अंशांना डबा फुटला तरी आम्ल वाहत नसेल आणि टर्मिनल झाकलेली असतील, तर बऱ्याच कडक अटींतून सूट मिळते. पण त्या चाचणीचं निर्मात्याचं प्रमाणपत्र हातात लागतं. ऑर्डर घेतानाच ते मागून ठेवा. कंटेनर गेटवर उभा असताना ते मिळत नाही. कुरिअरने पाठवताना "इलेक्ट्रॉनिक पार्ट्स" लिहून बॅटरी आत सरकवू नका. तो डबा विमानात चढू शकतो.

बिघडलं तर

सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरीला हात लावून चटका बसला, तर आधी चार्जिंग तोडा, तेही मेन्सच्या बाजूने, लांबून. दारं-खिडक्या उघडा. खोलीत शिरून दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका, तिथेच ठिणगी पडते. तासाभराने थंड झाल्यावरच जवळ जा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, परत चार्ज करायची नाही.

आम्ल त्वचेवर आलं तर लगेच नळाखाली, भरपूर पाणी. भिजलेले कपडे काढा. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान वीस मिनिटं पाण्याची बारीक धार सोडा आणि तिथून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे. वीस मिनिटं फार लांब वाटतात, तरी घड्याळ लावून पूर्ण करा. डोळ्यात किंवा त्वचेवर सोडा, लिंबू, तूप काहीही घालू नका. सोडा फक्त फरशीसाठी. सांडलेल्या जागी टाका, फेस थांबेपर्यंत, मग ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं वेगळ्या पिशवीत बांधा.

आग लागली तर कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर. जोडलेल्या बँकेवर बादलीने पाणी मारू नका. धूर जास्त असेल तर आत न जाता १०१ ला फोन करा आणि सांगा, खोलीत बॅटऱ्या आहेत.

पुराचं पाणी बॅटरीच्या खोलीत शिरलं असेल तर त्या पाण्यात पाय घालू नका. महावितरणने फीडर बंद केला तरी १९२ व्होल्टची बँक जिवंतच असते. पाणी उतरल्यावर आधी तंत्रज्ञ आत जाईल, मग झाडू-पोछावाल्या मावशी. हा क्रम सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा, कारण पहाटे चार वाजता तिथे तोच एकटा असतो.

जुनी बॅटरी कुणाकडे

दारावरचा भंगारवाला किलोने चांगला भाव देतो. शिशाला भाव असतोच. पण त्यानंतर कुठेतरी ती बॅटरी कुऱ्हाडीने फुटते, आम्ल नाल्यात जातं आणि उघड्या भट्टीवर शिसं वितळतं. त्या भट्टीशेजारी मुलं राहतात. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण तिकडे देऊ नका.

२००१ च्या जुन्या नियमांची जागा आता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आहे. ते २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झाले. बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची आपल्यावर. लेबलवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्ह असतं, ते यासाठीच. सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्या आणि बिलावर तिचं वजन आणि वजावट लिहून घ्या. मोठी बँक असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्वापरकर्त्यालाच बोलवा आणि नोंदणीचं पत्र आधी बघा.

देईपर्यंतही ती "मेलेली" नसते. मीटरवर ८ व्होल्ट दाखवणाऱ्या बॅटरीनेही मी तार लाल झालेली पाहिली आहे. टर्मिनलला टेप, उभी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, मुलांच्या हाताला न लागेल अशी, आणि आठवडाभराच्या आत बाहेर. फुटकी असेल तर जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, आत मूठभर सोडा टाकून. वहीतल्या तिच्या ओळीवर दिल्याची तारीख टाका आणि पावती त्याच पानाला टाचून ठेवा.